पुस्तक हरवत नाही, चुकतं

बुधवार, रात्री

आज काउंटरवर नव्हते, रॅकवर होते. मला तेच काम जास्त आवडतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेल्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या ग्रंथालयात काम मिळालं, तेव्हा वाटलं होतं की पुस्तक द्यायचं, घ्यायचं, बारकोड स्कॅन करायचा, झालं. खरं काम आहे ते परत आलेलं पुस्तक आपल्या जागी लावायचं आणि लावलेलं तिथंच आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघायचं.

पीएच.डी. करणाऱ्या एक ताई बरेच दिवस पाणीवाटपावरचं एक पुस्तक शोधत होत्या. संगणकावर ‘उपलब्ध’ दिसायचं, रॅकवर मात्र नसायचं. त्यांनी विद्यापीठाच्या मुख्य, जयकर ग्रंथालयातही चौकशी केली होती. आज मी अर्थशास्त्राचा रॅक तपासत होते. ड्यूईच्या वर्गीकरणात प्रत्येक विषयाला एक आकडा असतो आणि पुस्तकं त्या क्रमानं लावतात; पाण्याचं अर्थशास्त्र ३३३.९१ला येतं. ते पुस्तक निघालं ३३९च्या ओळीत, राष्ट्रीय उत्पन्नावरच्या पुस्तकांत. लावणाऱ्याच्या नजरेतून एक ३ निसटला आणि ३३३.९१चं ३३९.१ झालं असावं. ताईंना फोन केला, तशा त्या कॅन्टीनमधून धावतच आल्या. पुस्तक हातात घेऊन आधी अनुक्रमणिका उघडली, माझ्याकडे नंतर पाहिलं. मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे मुक्तद्वार पद्धत आहे, वाचक स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तक काढतात. ती असलीच पाहिजे. एक शोधायला गेलं की शेजारचं दुसरं हाताला लागतं, हे सुख मागणीची चिठ्ठी भरून मिळत नाही. पण चाळलेलं पुस्तक वाचकांनी टेबलावरच ठेवावं, आम्ही लावतो. चांगल्या मनानं भलत्याच जागी परत खोचलेलं पुस्तक शोधणं फार अवघड, कारण ते कुणाच्या नावावर नसतं, त्यामुळे मागायचं तरी कुणाकडे? परीक्षेच्या आधी मुद्दाम दुसऱ्या विषयात पुस्तक लपवून ठेवणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. ते चोरीइतकंच वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ते मुळात गणिताचे प्राध्यापक. चौथा नियम ‘वाचकाचा वेळ वाचवा’. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तो सांगितला होता, तेव्हा मी वहीत नुसता उतरवून घेतला. ताईंचे गेलेले इतके दिवस पाहिल्यावर तो आता पटला.

मॅडमना विचारून ठेवलंय, उद्यापासून रोज पहिला अर्धा तास एकेक रॅक तपासायचा. सुरुवात ३३०पासून. तिथं नवीन मुलं ३३०.९ आधी आणि ३३०.१५ नंतर लावतात, कारण पंधरा नवापेक्षा मोठे. दशांशानंतरचा एकेक अंक सुटा वाचायचा असतो : एक, पाच. एक हा नवाच्या आधी, म्हणून ३३०.१५ आधी. रॅकच्या कडेला हे मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवणार आहे. स्केचपेन घेतलंय, पुठ्ठा मेसच्या काकांकडून मिळेल.