युरिया जास्त, भात कडक?

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, पीक हिरवंगार होतं, उत्पादन वाढतं, इथवर सगळ्यांना माहितीये. पण तोच नायट्रोजन भाताच्या दाण्याच्या आतला स्टार्चही बदलतो हे फारसं कुणी बोलतच नाही.

होतं असं की नायट्रोजन वाढला, त्यातही लोंबी बाहेर पडताना दिला, की दाण्यात प्रोटीन वाढतं, मुख्यतः ग्लुटेलिन (तांदळातलं मुख्य प्रोटीन), आणि हे प्रोटीन स्टार्चच्या कणांभोवती चिकटून बसतं (कण तरी केवढे, ३ ते ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग!), मग शिजवताना पाणी आत शिरायला वेळ लागतो, कण नीट फुगत नाहीत, स्टार्चची पेस्ट म्हणजे खळ कमी घट्ट होते आणि भात जरा कडक, कमी चिकट लागतो.

गंमत म्हणजे अ‍ॅमिलोज (स्टार्चचा एक प्रकार, तो जास्त असला की भात मोकळा, कडक होतो) बऱ्याचदा थोडं कमी होतं. अ‍ॅमिलोज कमी म्हणजे भात मऊ व्हायला हवा ना? पण प्रोटीन आडवं येतं. अर्थात हे वाणावर पण अवलंबून, अ‍ॅमिलोज किती असणार ते मुळात वाणातला वॅक्सी नावाचा जीनच (जनुक) ठरवतो, खत फक्त थोडं इकडेतिकडे करतं. त्यामुळे चिकट वाणाचा मोकळा भात युरियाने होणार नाही, उगाच गोण्या ओतू नका.