अंदमानात दोघांचंच लग्न: माझा अनुभव

आम्हा दोघांनाही लग्नात गर्दी नको होती. दोन्ही घरांचा होकार होता, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्न नव्हता. फक्त लग्न लागताना आम्ही दोघंच असावं आणि समोर समुद्र असावा, एवढीच इच्छा. परदेशातली बेटं लवकरच बाजूला पडली. तिथे कायदेशीर लग्न करायचं तर जन्मदाखल्यापासून कागद गोळा करा, त्यांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) घ्या, तिथल्या कार्यालयाच्या वेळा सांभाळा. म्हणून अंदमान ठरलं, आणि त्यातही स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक.

आधी वाटलं होतं, नोंदणीही तिथेच करावी. पण विशेष विवाह कायदा, 1954 नुसार ज्या जिल्ह्यात लग्नाची नोटीस द्यायची, तिथे दोघांपैकी एकानं तरी नोटिशीआधी सलग 30 दिवस राहिलेलं असावं लागतं. नोकरी करणाऱ्यांना हे कसं जमणार? तेव्हा कायद्याचं लग्न पुण्यात आणि विधी बेटावर, असं ठरवलं. तुम्ही असा विचार करत असाल तर हीच वाट धरा, असं मी मनापासून सांगेन. कागदांची काळजी घरीच संपते आणि बेटावर मन मोकळं राहतं.

नोटीस दिली की 30 दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. या काळात नोटीस विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लावलेली असते. आमच्या घरून विरोध नव्हता म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ज्यांच्या घरून विरोध आहे, त्यांची नावं-पत्ते असे भिंतीवर झळकणं मला अन्यायाचं वाटतं. हरकत घ्यायची तर कारणं मोजकीच चालतात: वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. पण नातेवाइकांच्या कानावर जायला तेवढी नोटीसही पुरते.

नोंदणीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. माझी मावशी, नवऱ्याची बहीण आणि एक मैत्रीण आल्या. सह्या झाल्या की संपलं, असं मला वाटत होतं. पण एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं वाक्य साहेबांसमोर आणि साक्षीदारांसमोर मोठ्यानं म्हणावं लागतं. आम्ही ते मराठीत म्हटलं. नवऱ्याचा आवाज मध्येच अडकला, आणि मावशीनं पर्समधून रुमाल काढला तो स्वतःसाठीच.

खरी कसरत तारखेची. कायद्याची मुदत होतीच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माणसं नसली तरी चालतील, पण मुहूर्त असू दे." गुरुजींनी फेब्रुवारीतल्या काही तारखा काढून दिल्या. त्यात समुद्राचं गणित बसवायचं होतं. नवऱ्याचे काका रत्नागिरीचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब त्यांच्या तोंडावर असतो. पण तो कोकण किनाऱ्याचा, अंदमानला लागू पडत नाही. म्हणून पोर्ट ब्लेअरचं (2024 पासून श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बसलो. काकांचं एक म्हणणं मात्र तिथेही खरं: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणात पाणी फार चढतं आणि फार उतरतं, भांगात हा फरक कमी असतो. गुरुजींच्या यादीत एक सप्तमी होती, तीच धरली.

मग जागा. राधानगरचा किनारा सुंदर आहे, पण तो पश्चिमेकडचा. सूर्यास्ताला सगळे पर्यटक तिथेच जमतात. शिवाय तिथे सूर्य फार लवकर मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की फेब्रुवारीत साडेपाचच्या आतच दिवस बुडतो. आम्ही पूर्वेकडचा कालापत्थर आणि सकाळची वेळ निवडली. पावणेसहाच्या सुमारास सूर्य थेट पाण्यातून वर येतो आणि किनाऱ्यावर जवळजवळ कुणी नसतं. मंडप, खुर्च्या, स्पीकर लावायचे तर परवानग्या आल्या. आम्ही यातलं काहीच ठेवलं नाही.

सामान म्हणजे मोत्यांच्या मुंडावळ्या, मंगळसूत्र, अंतरपाट आणि दोन्ही आयांनी मिळून कालवलेल्या अक्षतांची डबी. बाबांनी मंगलाष्टकं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिली होती. बेटावर नेटचा भरवसा नाही, म्हणून ती दोघांच्याही फोनमध्ये आधीच उतरवून ठेवली. पोर्ट ब्लेअरहून बोटीचा प्रवास दीड-दोन तासांचा, पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी बेटावर पोचाच. इथे काटकसर करू नका.

अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात, याचा विचार आम्ही ऐनवेळीच केला. एक टोक फोटोग्राफरनं धरलं, दुसरं आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बंगाली काकूंनी. हॅवलॉकवर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं, त्यांतलंच हे कुटुंब. हारही काकूंनीच अंगणातल्या जास्वंदीचे ओवले होते. बाबांच्या आवाजातलं "शुभमंगल सावधान" संपलं, अंतरपाट खाली आला आणि काकूंनी जीभ हलवत उलुध्वनी केला, म्हणजे बंगाली बायका शुभप्रसंगी काढतात तो आवाज. शंख आणायचा राहिला म्हणून त्या हळहळल्या. अक्षता त्यांनीच टाकल्या, आधी आमच्या दोघांच्या आयांची नावं विचारून घेतली आणि ती घेत टाकल्या.

निघताना किनाऱ्यावरचा एकही शिंपला किंवा पोवळ्याचा तुकडा बॅगेत टाकू नका. अंदमानातून ते नेता येत नाहीत आणि विमानतळावर सामान तपासतात. आणि पासपोर्ट, बँक, विमा सगळीकडे लग्नाची तारीख म्हणून पुण्याच्या प्रमाणपत्रावरचीच लिहावी लागते. त्या प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवा. लग्नाचा वाढदिवस मात्र आम्ही सप्तमीचाच साजरा करतो.