आबांची संध्याकाळ आणि माझं ऑफिस

आबांना डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी होत जाते, आणि यात बऱ्याच जणांचा दिवस कलला की गोंधळ वाढतो, सनडाउनिंग म्हणतात त्याला, म्हणून डोकं लागणारं सगळं काम मी सकाळीच उरकते आणि चारनंतर मीटिंग नको असं मॅनेजरला स्पष्ट सांगून टाकलंय. तुम्हीपण सांगा, लपवण्यातच लई दमायला होतं. संध्याकाळी त्यांना तालमीत जायचं असतं, कुस्ती सुटून किती वर्षं झाली तरी. तिथं वाद घालून काय उपयोग नसतो, "चला की आबा" म्हणायचं आणि रंकाळा तलावावर एक फेरी मारून आणायचं, शांत होतात. रात्रीचं भाऊ बघतो, त्याच्या पद्धतीनं, मी मधे बोलत नाही. जुने आबा परत येणार नाहीत हे मान्य करणं मात्र अजून जड जातंय.