फाइल अडवायची कुठे?

शनिवारी कोथरूडमध्ये आम्ही काहीजण लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड वाचायला बसतो. नवीन येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या महिन्यात एक प्रश्न विचारतंच: "मॅडम, कोणी फाइल उघडायच्या आत मला अडवता यायला हवं. सिस्टिम कॉल टेबलमध्ये ओपनॲटच्या जागी आपलं फंक्शन बसवलं की झालं ना?" (सिस्टिम कॉल टेबल म्हणजे प्रोग्रॅमची कुठली मागणी कर्नलच्या कुठल्या फंक्शनकडे जायची याची यादी; ओपनॲट ही फाइल उघडायची मागणी.) तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नाही, त्यानं भागत नाही. तिथे तुमच्या हातात असतं फक्त फाइलचं नाव, तेही युजरच्या मेमरीत. तुम्ही ते तपासून सोडता आणि कर्नल ते पुन्हा वाचतो. मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या, समांतर चालणाऱ्या थ्रेडनं नाव बदललं, तर तपासली एक फाइल आणि उघडली भलतीच. शिवाय आयओ-यूरिंगमधून, म्हणजे कर्नलला रांगेतून कामं सोपवायच्या सोयीतून, उघडलेली फाइल त्या टेबलच्या वाटेनं येतच नाही. शनिवारवाड्याला पाच दरवाजे. एकट्या दिल्ली दरवाज्यावर चौकी बसवून काय उपयोग? पहारा जामदारखान्याच्या दाराशी हवा. लिनक्समध्ये ते दार म्हणजे एलएसएमचे (लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स या सुरक्षा-चौकटीचे) हुक, म्हणजे आपली तपासणी जोडायच्या जागा. फाइल_ओपन हुकपर्यंत येताना सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) उलगडलेल्या असतात आणि हातात नाव नाही, खुद्द फाइल असते. मग ती कुठूनही आलेली असो.

तरीही फक्त उघडणंच अडवायचं असेल, तर मी आधी फॅनोटिफाय (फाइलींवरच्या हालचाली कळवणारी कर्नलची सोय) वापरा म्हणते. कर्नलमध्ये आपला कोड घालावा लागत नाही. फॅन_ओपन_पर्म, म्हणजे उघडण्याआधी परवानगी विचारणं, मागितलं की कर्नल आपल्या डीमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारून थांबतो.

या थांबण्याला मात्र जपा. एका जुन्या नोकरीत आमचा एकाच थ्रेडचा डीमन प्रत्येक निकालानंतर लॉग फाइल नव्यानं उघडायचा आणि लॉग होता पहारा असलेल्या त्याच माउंटवर (फाइल सिस्टिमच्या जोडलेल्या भागावर). डीमन स्वतःच्याच परवानगीची वाट बघत बसला. उघड्या टर्मिनलवर मी एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं, तर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. एलएस चालवायला आधी एलएसची फाइल उघडावी लागते! किल (प्रोग्रॅम बंद पाडणारी कमांड) शेलमध्येच असल्यानं दुसऱ्या उघड्या टर्मिनलवरून डीमनला किल -९ दिलं गेलं, पण त्या जुन्या कर्नलवर ही वाट बघणं सिग्नललाही तुटत नव्हतं. रात्री साडेअकराला सर्व्हरचं बटण दाबून धरलं. तेव्हापासून लॉग फाइल मार्क लावायच्या, म्हणजे पहारा बसवायच्या, आधीच उघडून ठेवते.

डिलीट किंवा रिनेम अडवायचं असेल, तर फॅनोटिफायमध्ये ती सोय नाही. तिथे एलएसएमच. पूर्वी त्यासाठी कर्नल स्वतः बिल्ड करावा लागे, कारण चालू कर्नलमध्ये लोड होणाऱ्या मॉड्यूलला (जोड-कोडला) ते हुक मिळत नाहीत. २०२० साली ५.७ आवृत्तीत बीपीएफ-एलएसएम (चालू कर्नलमध्ये छोटे, तपासलेले प्रोग्रॅम हुकला जोडायची सोय) आलं आणि ती अडचण गेली. त्याच आवृत्तीत मॉड्यूलला कॅलसिम्स_लुकअप_नेम (नावावरून कर्नलमधला पत्ता शोधणारं फंक्शन) मिळणं बंद झालं; सिस्टिम कॉल टेबलचा पत्ता शोधायला सगळे तेच वापरायचे. मला ते फार योग्य वाटलं.

शनिवारी येण्याआधी आपल्या लॅपटॉपवर /सिस/कर्नल/सिक्युरिटी/एलएसएम ही फाइल, म्हणजे चालू असलेल्या एलएसएमची यादी, वाचून या. त्या यादीत बीपीएफ नसेल, तर बूट पॅरामीटरमध्ये (कर्नल सुरू होताना दिलेल्या सूचनांत) ते घालण्यापासून सुरुवात करू.