आधी पाणी, मग अळ्या

भाजीबाजाराच्या कचऱ्यात ब्लॅक सोल्जर फ्लायच्या (कचरा खाऊन संपवणाऱ्या माशीच्या) अळ्या सोडल्या आणि दोन दिवसांत त्या क्रेटबाहेर पळाल्या, ही नेहमीची तक्रार. बोल अळ्यांना लावला जातो, पण बहुतेक वेळा घोळ पाण्याचा असतो. टोमॅटो, पालक, कलिंगड यांत ९० टक्क्यांहून जास्त पाणी. अळ्यांना लागते ७० ते ८० टक्के ओल. त्याच्या वर गेलं की तळाशी हवा पोचत नाही, माल आंबतो आणि अळ्या भिंती चढू लागतात.

म्हणून आधी प्लास्टिक, सुतळी, रबरबँड वेचून काढा (रबरबँड पुढे चाळणीत हटकून छळतात). एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. लगदा मात्र नको, त्यात हवा खेळत नाही. रात्रभर जाळीवर निथळू द्या. मग एक मूठ घट्ट आवळून बघा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले तर जमलं, धार लागली तर गव्हाचा कोंडा मिसळा. ९० टक्के ओलीचा १० किलो माल ७५ टक्क्यांवर आणायला कोंडा साधारण २.४ किलो लागतो. त्यातलं ३ लिटर पाणी आधी निथळलं, तर १.२ किलोत भागतं. कोंडा विकतचा, निथळणं फुकट.

६० × ४० सेंटिमीटरच्या क्रेटला पाच दिवसांच्या १०,००० अळ्या आणि १५ किलो माल पुरे. पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी पाच-पाच किलो घाला. सगळा एकदम ओतलात तर थर जाड होतो आणि खालचा भाग न खाताच कुजतो. अळ्या मोजत बसू नका. दोन ग्रॅममध्ये किती येतात तेवढं मोजा, बाकीचं वजनावरून काढा.

अंड्यातून निघालेल्या अळ्या थेट कचऱ्यात टाकू नयेत. पहिले पाच दिवस त्यांना कोंबडीच्या पिल्लांचं ओलं खाद्य द्या.

आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय; डोळ्यांना झोंबणारा अमोनिया आला तर प्रथिनं जास्त. क्रेट हाताला चटका देत असेल तर अळ्यांची गर्दी कमी करा, हवा वाढवा.

बाराव्या दिवशी, अळ्या पांढरट असतानाच चाळा. काळपट पडल्या की त्या खाणं सोडतात, साल कडक होतं. माल ओला राहिला असेल तर चाळणीवर चिखलाचे गोळे होतात. अशा वेळी एक दिवस थांबून, पसरून, वारं लागू द्यावं. खाली उरलेला चोथा लगेच झाडांना घालू नका, तो अजून कच्चा असतो. काही आठवडे ढिगात मुरवा.