‘सडलेल्या’ भिंतीचा पंचनामा

गोव्यातल्या डिचोलीजवळच्या त्या घराचं मी पोचण्याआधीच ठरलं होतं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती सडल्यात, त्या पाडायच्या आणि पिलर टाकून फ्लाय अॅशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटांचं पर्यावरणपूरक घर बांधायचं. मला बोलावलं ते पाडकामाचा अंदाज काढायला.

भिंत बघून कुणीही घाबरलं असतं. कमरेपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर आलेले पांढरे क्षार), ऑइल पेंटला फुगे, बोट लावलं की पोपडे. जुना चुन्याचा गिलावा खरवडून कुणीतरी सिमेंटचा चढवला होता. गवंड्याला म्हटलं, एक पट्टा तोड. ताटाएवढा तुकडा सुटला. त्याची पाठ ओलीचिंब, चिऱ्याचा वरचा बोटभर थर भुसभुशीत. त्याच्या आत मात्र छिन्नी ठणकन वाजली. वर, खाली, कोपऱ्यात, सगळीकडे तेच.

जमिनीतली ओल चिऱ्यातून चढतेच. चुना तिला बाहेर उडून जाऊ देतो. सिमेंट कोंडतं, मग ती आणखी वर चढते आणि क्षार फुलून गिलावाच उचलतात. उघडा चिराही चालत नाही: जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा १९५०च्या दशकात काढला, तेव्हापासून तिथला चिरा पावसाने झिजतोय. आवरण हवंच, पण चुन्याचं. चुना विझवून आठवडेच्या आठवडे मुरवायचा, पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर ओलसर ठेवायचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश घट्ट होतो. इतका धीर आता आमच्या धंद्यात कुणाला नाही.

घरातला मुलगा मनापासून विचारत होता, कुठली वीट पर्यावरणाला बरी? म्हटलं, सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवतात, चुन्याला साधारण ९०० पुरतात, आणि तुमच्या उभ्या भिंतीला भट्टीच लागत नाही. इंजिनिअरने मात्र एक टोलाही न मारता ती ‘निकामी’ लिहिली होती. याचा राग अजून जात नाही.

घरातल्या आजींचं एकच म्हणणं होतं: “चवथीला माटोळी ह्याच चौकीत बांधायची.” माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास. त्यामुळे पुढचा भाग वाचला. सिमेंट काढलंय, भिंत सुकतेय, चुना दिवाळीनंतर. मागच्या दोन खोल्या गेल्या. पाडल्या तेव्हा चिरे बहुतेक अख्खे निघाले. भरावासाठी आलेला टिपर परत पाठवून ते कंपाउंडसाठी ठेवून घेतले. चुन्यात लावायचे की सिमेंटात, यावर मुलाशी अजून वाद चालू आहे.