तुम्ही विचारलंत म्हणून : कॉन्वीचा किल्ला ऐन थंडीत का?

नाताळच्या सुट्टीत आम्ही काही मित्रमैत्रिणी वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरील कॉन्वीचा किल्ला पाहायला जातो, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : दुपारी चारला सूर्य मावळतो, वारा बोचरा असतो, पावसाचा भरवसा नसतो, मग हीच सहल जून-जुलैमध्ये का करत नाही? सह्याद्रीतले गड हिवाळ्यात पाहण्याची सवय आम्ही तिकडेही नेली असावी, असा काहींचा तर्क आहे. तो बरोबर नाही. उन्हाळ्यात कॉन्वी निःसंशय देखणा दिसतो. परंतु त्या दगडांच्या आत माणसे राहत होती आणि ती थंडीने गारठत होती, ही गोष्ट डिसेंबरातच पटते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १२८२च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र लुएलिन आप ग्रिफिद मारला गेला आणि पुढच्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने कॉन्वीची जागा ताब्यात घेतली. तेथील ख्रिस्ती मठ त्याने दुसरीकडे हलवला आणि जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या स्थपतीच्या देखरेखीखाली आठ प्रचंड बुरुजांचा किल्ला व त्याला जोडून साऱ्या गावाभोवतीची तटबंदी उभारली. हे काम मुख्यतः १२८३ ते १२८७ या काळात झाले आणि त्याला सुमारे १५,००० पौंड खर्च आला. तेही बारमाही काम नव्हते, कारण ओला चुना गोठला की सांधे निकामी होतात. त्यामुळे गवंडीकाम थंडीत थांबवावे लागे आणि नव्या हंगामासाठी मजूर पुन्हा इंग्लंडमधील चेस्टर या गावी गोळा केले जात.

ज्या ऋतूत किल्ला बांधता येत नव्हता, त्याच ऋतूत त्याची परीक्षा झाली. १२९४मध्ये मॅडॉग आप लुएलिन याच्या नेतृत्वाखाली वेल्श लोकांनी उठाव केला आणि तो मोडून काढायला आलेला एडवर्ड त्या हिवाळ्यात स्वतःच कॉन्वीत अडकून पडला. रसद येईल ती केवळ समुद्रमार्गे, अशी स्थिती होती. आपल्यासाठी राखून ठेवलेली वाइन एकट्याने पिण्याचे नाकारून राजाने ती शिबंदीत वाटायला लावली, असे वॉल्टर ऑफ गिसबरो हा बखरकार लिहितो. बखरकार राजाचे औदार्य थोडे फुगवूनच सांगणार, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. परंतु फेब्रुवारीत कुमक येईपर्यंत किल्ला टिकला, हे खरे आहे. तो शत्रूच्या हाती पडला तो पुढे १४०१च्या वसंतात, गुड फ्रायडेच्या दिवशी शिबंदी चर्चमध्ये गेलेली असताना, आणि तोही सुतार असल्याची बतावणी करून आत शिरलेल्या माणसांमुळे.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. किल्ल्यावर आज छप्पर नाही. त्यावरचे शिसे १६६५मध्ये काढून नेण्यात आले आणि पाठोपाठ मजल्यांची लाकडी तक्तपोशीही गेली. त्यामुळे कोणत्याही बुरुजात उभे राहून वर पाहिले, की भिंतीत मध्येच, पुरुषभर उंचीच्याही वर, एक शेकोटीची जागा दिसते, जिच्यासमोर पाय ठेवायलाही जमीन नाही. उन्हाळ्यात याचा आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. डिसेंबरात मात्र हात खिशात घालून आम्ही तिच्याखाली उभे राहतो आणि वाद सुरू होतो : एवढ्या उंच, गोल, दगडी खोलीत एका शेकोटीने ऊब कितीशी मिळत असेल? आमच्यातील एक जण बांधकामाच्या क्षेत्रातला असल्याने तो दरवेळी भिंतींच्या जाडीची बाजू घेतो. जंग्या पाहताना तर थंडीसारखा दुसरा वाटाड्या नाही. बाहेरून अरुंद आणि आतून पसरट असलेल्या या फटीतून बाणाला वाट मिळते, तशीच वाऱ्यालाही मिळते, आणि तिच्यामागच्या कोनाड्यात पाच मिनिटे बसले, तरी पहाऱ्यावरच्या तिरंदाजाला पगार किती मिळत असेल, हा प्रश्न आपोआप मनात येतो. १२८४च्या आज्ञेनुसार येथे किल्लेदाराच्या हाताखाली तीस शिपाई होते आणि त्यांतले निम्मे, म्हणजे पंधरा, आडव्या धनुष्याचे तिरंदाज होते. एवढ्या मोठ्या वास्तूत इतकी कमी माणसे, ही बाबही हिवाळ्यातल्या रिकाम्या चौकात उभे राहिल्यावरच नीट लक्षात येते. उन्हाळ्यात पर्यटकांची संख्या त्या शिबंदीच्या कितीतरी पट असते. पूर्वेच्या टोकाला नदीकडे उतरणाऱ्या वाटेची जागा अवश्य पाहावी. अडकलेल्या राजाला जहाजांची रसद का मिळू शकली, ते तेथे एका नजरेत समजते.

किल्ल्यानंतर गावाच्या तटावरून चालायचे. सुमारे सव्वा किलोमीटरचा हा तट आणि त्याचे एकवीस बुरूज बऱ्याच अंशी शाबूत आहेत आणि फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, बराच भाग चालता येतो. आमच्या मंडळींना सर्वांत जास्त आवडतात ते दक्षिणेकडील तटाच्या माथ्यावर ओळीने बाहेर काढलेले बारा शौचकूप, जे राजाच्या कारभाऱ्यांच्या सोयीसाठी बांधले होते. उघड्या तटावर, जानेवारीच्या वाऱ्यात, ही सोय किती सुखाची असेल, यावर आमच्याकडे दरवर्षी नवे विनोद होतात. ते येथे छापण्याजोगे नाहीत.

जायचेच असेल, तर २७ ते ३१ डिसेंबर हे दिवस निवडावेत, कारण २४, २५, २६ डिसेंबर आणि १ जानेवारीला किल्ला बंद असतो. थंडीत तो चारला बंद होत असल्याने आधी किल्ला आणि मग तट, असाच क्रम ठेवावा. रेल्वेने गेलात, तर कॉन्वीला गाडी मागणीनुसारच थांबते, तेव्हा उतरायचे असल्याचे गार्डला आधीच सांगावे. दगडी चक्री जिने ओले असतात, म्हणून घट्ट पकडीचे बूट घालावेत आणि वादळी वारा असेल, तर बुरूज व फांजी उघडी आहेत का, याची सकाळीच चौकशी करून मग निघावे.